लस, शंका आणि विश्वास

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



विषय ठरवताना संयोजकांनी मला विचारलं होतं, ‘डॉक्टर, लोक लसीला घाबरतात ते अज्ञानामुळे, असंच ना?’ मी म्हटलं, एवढंच सांगायचं असेल तर व्याख्यान पाच मिनिटांत संपेल आणि तुम्हाला चहा लवकर मिळेल. पण ते खरं नाही. म्हणून जरा वेळ बसावं लागणार आहे.

सुरुवात मी माझ्याच एका चुकीपासून करतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. केंद्राखाली डोंगरातले सात-आठ पाडे होते. एका पाड्यावर लसीकरणाचा दिवस होता. त्रिगुणी लस, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिघांवरची. ही लस दिल्यावर बऱ्याच बाळांना रात्री ताप येतो, मांडीला गाठ येते, पोर किरकिरं होतं. एक-दोन दिवसांत उतरतं. आमच्या अनुभवी नर्सबाईंनी मला विचारलं, ‘आयांना तापाचं सांगू का?’ मी नवा, शहाणा. मी म्हटलं, ‘नको, उगाच घाबरतील. पुढच्या वेळी येणार नाहीत.’

त्या दिवशी वीसेक मुलांना लस दिली. पुढच्या महिन्यात आली तीन.

मी तावातावानं पाड्यावर गेलो. एका आईनं मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. म्हणाली, ‘पोर हसतं-खेळतं होतं. तुमीच त्याला आजारी पाडलं. रातभर मांडीवर घेऊन बसले, तवा तुमी कुठं होता?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घटसर्प म्हणजे काय, प्रतिपिंडं कशी तयार होतात, हे सगळं मला पाठ होतं. पण तिचा प्रश्न तो नव्हताच. तिचा प्रश्न होता, ‘तुमी कुठं होता?’ तो पाडा पुन्हा पूर्ववत व्हायला आम्हाला आठ महिने लागले. ते माझ्यामुळे नाही झालं, नर्सबाईंमुळे झालं. त्या लसीच्या दुसऱ्या दिवशी घरोघर जायला लागल्या. बस्स, एवढंच. आजचं माझं सगळं म्हणणं त्या एका वाक्याभोवती आहे.

कचरणारे आणि विरोध करणारे

आधी एक फरक लक्षात घेऊ. लसीला ठाम, तत्त्व म्हणून विरोध करणारी माणसं थोडी असतात. त्यांच्याहून कितीतरी जास्त माणसं मधली असतात. का-कू करणारी. एक लस घेतात, दुसरी टाळतात. ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली जगाच्या आरोग्याला असलेल्या दहा मोठ्या धोक्यांत या कचरण्याचा समावेश केला.

संघटनेच्या तज्ज्ञांनी याची कारणं तीन गटांत मांडली आहेत. पहिलं कारण म्हणजे विश्वास नसणं: लसीवर, ती देणाऱ्यावर, किंवा ती पाठवणाऱ्या सरकारवर. दुसरं म्हणजे गाफीलपणा. घटसर्पानं गुदमरलेलं मूल आजच्या तरुण आईबापांनी पाहिलेलंच नाही, मग त्याची भीती कुठून वाटणार? लस यशस्वी होते तेव्हा ती स्वतःचीच गरज लोकांच्या नजरेआड करते. आणि तिसरं कारण गैरसोय. रोजंदारी बुडवून, दोन बस बदलून केंद्रावर जायचं आणि तिथं कळायचं की आज लस आलेली नाही. अशी बाई पुन्हा आली नाही, तर तिला आपण ‘उदासीन’ म्हणतो. हा तिच्यावर अन्याय आहे.

मी आज मुख्यतः पहिल्या कारणावर बोलणार आहे. कारण तेच सर्वांत अवघड आहे आणि त्याचा इतिहास आपल्या दारातलाच आहे.

मुंबईचा प्लेग: दोन दृश्यं

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढे काय झालं हे महाराष्ट्राला माहीत आहे. घरांची झडती, सामानाची जाळपोळ, आजाऱ्याला घरच्यांपासून तोडून इस्पितळात नेणं. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला, त्यानं सरकारच्या हाती अमर्याद अधिकार दिले. पुण्यात रँडच्या कारकिर्दीत गोरे शिपाई घराघरांत घुसले. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या.

त्या काळात मुंबईत एक अफवा होती. इस्पितळात माणसं बरी करायला नेत नाहीत, त्यांच्या शरीरातून ‘मोमियाई’ नावाचं औषध काढायला नेतात. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. आज आपण हसतो. पण त्या कामगाराच्या जागी उभं राहून बघा. आजारी भावाला जबरदस्तीनं उचलून नेलं, भेटू दिलं नाही, आणि तो परत आला नाही. काय झालं हे कुणी सांगितलं नाही. जिथं माहिती मिळत नाही आणि जबरदस्ती मात्र मिळते, तिथली रिकामी जागा अफवा भरून काढते. अफवा चूक होती, पण तिच्यामागचा अनुभव खोटा नव्हता.

आता त्याच शहरातलं, त्याच महिन्यांतलं दुसरं दृश्य. भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या लहानशा जागेत वाल्देमार हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ प्लेगची लस तयार करत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्यानं ती पहिल्यांदा टोचून घेतली ती स्वतःला. तीही पुढे लोकांना दिली गेली त्याहून मोठ्या मात्रेत. नंतर खोजा समाजाचे धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी अनुयायांसमोर स्वतःला लस टोचून घेतली. तेव्हा ते अवघे विशीच्या आसपास होते. त्या समाजातले हजारो लोक पुढे आले. आगाखानांनी प्रयोगशाळेसाठी आपली वास्तूही दिली. १८९९ साली ती प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था.

शहर तेच, साथ तीच, लोकही तेच. एका दृश्यात लोक दगड घेऊन येतात, दुसऱ्या दृश्यात दंड पुढे करतात. फरक लोकांच्या शिक्षणात नव्हता, समोर कोण उभं आहे यात होता. ‘जे तुला देतोय ते आधी मी घेतलंय’ असं म्हणणारा माणूस, आणि ‘घे, नाहीतर बघ’ म्हणणारा माणूस.

चूक झाल्यावर काय करायचं?

पण गोष्ट इथंच सुखानं संपत नाही. ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मल्कोवाल गावात १०७ जणांना प्लेगची लस टोचली. त्यांतले १९ जण धनुर्वातानं दगावले. हे सगळे १९ एकाच बाटलीतली लस घेतलेले होते. बाकी बाटल्यांतली लस घेतलेले ठीक होते.

चौकशी झाली. दोष प्रयोगशाळेच्या माथी मारला गेला आणि हाफकिनला पद सोडावं लागलं. पुढे उजेडात आलं ते असं: बाटली उघडताना गावातल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी हाफकिनची बाजू जाहीरपणे लावून धरली आणि १९०७ साली तो दोषमुक्त झाला. पाच वर्षं! तोवर पंजाबातल्या मोहिमेला जबर फटका बसून गेला होता. एका चिमट्याची चूक होती. ती तत्काळ, खुलेपणानं शोधली आणि सांगितली असती तर लोकांना कळलं असतं की लसीत विष नाही, हाताळणीत चूक झाली. उशिरानं आलेलं सत्य फक्त शास्त्रज्ञाच्या कामाचं असतं. गावाच्या कामाचं राहत नाही.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात १२ लहान मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं सुदैवानं बरी झाली. चूक गंभीर होती, आणि चूक झाली हे लगेच जाहीर झालं, ते योग्यच झालं. असं लपवलेलं पुढे बाहेर येतं तेव्हा लोक त्या एका केंद्राला नाही, सगळ्या थेंबांनाच नाकारतात.

आणि एक वेगळ्या प्रकारची चूक. २००९ मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लसीचा अभ्यास-प्रकल्प सुरू झाला. त्यात लस घेतलेल्या सात मुलींचा मृत्यू झाला. चौकशीत या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही. कारणं बुडणं, सर्पदंश, मलेरिया अशी होती. पण त्याच चौकशीत दुसरी गोष्ट निघाली. आंध्रात कित्येक संमतीपत्रांवर पालकांच्या सह्याच नव्हत्या, वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. २०१० साली प्रकल्प थांबला, पुढे संसदीय समितीनं ताशेरे ओढले. लस सुरक्षित असणं वेगळं आणि ती देण्याची पद्धत प्रामाणिक असणं वेगळं. पहिलं असूनही दुसरं नसेल तर लोक लसच नाकारतात. आणि त्याची किंमत वर्षानुवर्षं दुसऱ्याच मुली मोजतात.

दोन थेंब आणि एक रास्त प्रश्न

आता मी तुम्हाला पश्चिम उत्तर प्रदेशात नेतो. कारण तुटलेला विश्वास पुन्हा कसा जोडता येतो, हे तिथं दिसलं.

आपल्या देशात पल्स पोलिओ १९९५ साली सुरू झाला. रुग्ण झपाट्यानं कमी झाले आणि २००२ मध्ये अचानक उसळी आली. देशात १,६०० रुग्ण. त्यांतले तीन चतुर्थांशांहून जास्त एकट्या उत्तर प्रदेशात, आणि मुस्लिम वस्त्यांत प्रमाण जास्त. थेंब पाजून नसबंदी करतात, अशी अफवा होती. सरकारी कागदांत लिहिलं जाई, ‘धार्मिक गैरसमज’.

पण १९७६ आठवा. आणीबाणीत सक्तीच्या नसबंदीविरुद्ध जमलेल्या लोकांवर मुझफ्फरनगरमध्ये गोळीबार झाला होता. ज्या सरकारी माणसांनी बापाला नसबंदीसाठी पकडून नेलं, त्याच सरकारचा माणूस आता दार वाजवून म्हणतो, ‘पोराला थेंब पाजा, फुकट आहेत.’ तुम्ही काय केलं असतं?

आया आणखी दोन गोष्टी विचारत. एक: ‘आमच्या गल्लीत गटार तुंबलंय, जुलाबानं पोरं मरतात, दवाखान्यात डॉक्टर नाही. त्याला कुणी येत नाही. पोलिओचेच थेंब घेऊन दर महिन्याला का येता?’ आणि दोन: ‘इतक्या वेळा थेंब पाजले, तरी शेजारच्या पोराला पोलिओ झालाच. मग उपयोग काय?’

हा दुसरा प्रश्न नीट ऐका. बरीच वर्षं त्याला अडाणीपणा समजलं गेलं. पण ती आई बरोबर बोलत होती! शास्त्रज्ञांनी आकडे तपासले तेव्हा दिसलं की उत्तर प्रदेशात त्या लसीच्या एका डोसाचा परिणाम उरलेल्या भारताच्या मानानं बराच कमी होत होता. दाट वस्ती, उघडी गटारं, सततचे जुलाब, आतड्यात आधीच ठाण मांडून बसलेले इतर विषाणू. त्यामुळे लस नीट लागू पडत नव्हती. आठ-आठ, दहा-दहा वेळा थेंब घेतलेल्या मुलांनाही पोलिओ होत होता. आईचा प्रश्न आणि संशोधकाचा प्रश्न एकच होता. फक्त एकाला आपण संशोधन म्हटलं आणि दुसऱ्याला गैरसमज.

मग काय बदललं? शास्त्राच्या बाजूनं लस बदलली. जुनी लस पोलिओच्या तिन्ही प्रकारांवर एकदम होती. २००५ पासून एकाच प्रकारावर नेम धरणारी आणि २०१० पासून दोन प्रकारांवरची, जास्त परिणामकारक लस आली. समाजाच्या बाजूनं युनिसेफ आणि इतर संस्थांनी गल्लीतल्याच बायकांना कामाला लावलं. एकेकीकडे साधारण पाचशेपर्यंत घरं. ती बाहेरची अधिकारी नव्हती, ती अमक्याची सून, तमक्याची बहीण होती. तिचीही मुलं तिथंच खेळायची. कुठलं बाळ कधी जन्मलं हे तिच्या वहीत असे. लहान मुलांच्या ‘बुलावा टोल्या’ निघाल्या, गल्लीतल्या पोरांना बूथवर बोलावून आणायला. मौलवी, देवबंदचे उलेमा, अलिगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया यांनी साथ दिली.

ज्या घरात मुलं राहिली त्या दारावर खडूनं ‘एक्स’ लिहीत, सगळी झाली की ‘पी’. पहिल्यांदा ‘एक्स’ म्हणजे नकार देणारं घर, एवढंच समजत. पुढे विचारायला लागले: घर बंद होतं का? मूल आजारी होतं? आजी नाही म्हणाली की बाप? कारण बदललं की उत्तरही बदलायला हवं. बाप नाही म्हणत असेल तर आईला तासभर समजावून काय होणार?

आणि २००९ पासून उत्तर प्रदेश-बिहारमधल्या १०७ सर्वाधिक जोखमीच्या तालुक्यांत थेंबांच्या जोडीला दुसरीही कामं हाती घेतली: जुलाबावर क्षारसंजीवनी आणि झिंक, हात धुणं, स्तनपान, संडास-पाणी, इतर लसी. म्हणजे ‘फक्त पोलिओचेच थेंब का?’ या प्रश्नाला भाषणानं नाही, कामानं उत्तर दिलं.

भारतातला पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला, पश्चिम बंगालमध्ये हावड्याला. २७ मार्च २०१४ ला आपण पोलिओमुक्त ठरलो. आदल्याच दशकात जगातले जाणकार म्हणत होते की पोलिओ गेला तर सगळ्यात शेवटी भारतातून जाईल.

मग करायचं काय?

एवढ्या इतिहासातून मी स्वतःसाठी काही गोष्टी काढल्या आहेत. आशाताई, शिक्षक, डॉक्टर, आजीआजोबा, कुणालाही उपयोगी पडतील.

पहिली: आधी विचारा, मग सांगा. ‘तुम्हाला नेमकी कशाची काळजी वाटते?’ हे विचारून गप्प बसा. आपण ऐकायच्या आधीच उत्तर देतो आणि ते भलत्याच प्रश्नाचं असतं.

दुसरी: त्रास होऊ शकतो हे आधीच सांगा. ‘आज रात्री ताप येईल, अंग कोमट पाण्यानं पुसा, हे औषध इतकं द्या, आणि तीन दिवसांहून जास्त टिकला किंवा बाळ निपचित पडलं तर या नंबरवर मला फोन करा.’ सांगितलेला ताप आला की आई म्हणते, ‘बाईंनी सांगितलंच होतं.’ न सांगितलेला ताप आला की तीच आई म्हणते, ‘फसवलं.’ ताप तोच असतो.

तिसरी: दुसऱ्या दिवशी जा. हे मी नर्सबाईंकडून शिकलो.

चौथी: दुर्मीळ धोका असेल तर तोही लपवू नका. तोंडावाटेच्या पोलिओ लसीमुळे लाखो डोसांत एखाद्या मुलाला लुळेपणा येऊ शकतो, हे खरं आहे. म्हणूनच देशात २०१५ अखेरीस टोचायची पोलिओ लसही सुरू झाली. हे आपणच सांगितलं तर ती माहिती राहते. शेजाऱ्यानं मोबाइलवर दाखवलं तर तो ‘दडवलेला कट’ होतो.

पाचवी: नातं साथीच्या आधीच जोडलेलं असावं लागतं. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला तेव्हा ज्या गल्लीत एरवीही आरोग्य सेविका ओळखीची होती, तिथं दारं लवकर उघडली. आग लागल्यावर विहीर खणायची नसते, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून म्हणतात. ते लसीला तंतोतंत लागू आहे.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*लस सक्तीची का करत नाही? एकाच्या हट्टापायी सगळ्यांना धोका कशाला?*

तुमचा राग मला समजतो. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना लागण देऊ शकतो. म्हणून तिथं शंभरातल्या पंचाण्णवांना संरक्षण लागतं. पण सक्तीचं काय होतं ते रँडच्या पुण्यानं आणि आणीबाणीनं दाखवलं आहे. आज दंड पकडून लस टोचाल, उद्या तीच आई बाळाची नोंदच करणार नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २ मे २०२२ च्या निकालात म्हटलं की कुणालाही लस घेण्याची जबरदस्ती करता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणशीर निर्बंध मात्र सरकार घालू शकतं. त्याच निकालात लसीनंतरच्या दुष्परिणामांची माहिती लोकांना उपलब्ध करा, असंही सांगितलं. मला हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

*आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर काका रोज लसीविरुद्ध काहीतरी पाठवतात. काय करू?*

गटावर वाद घालू नका. चारचौघांत खोटं ठरलेला माणूस आपलं मत आणखी घट्ट धरतो. काकांना घरी भेटा, चहा घ्या आणि विचारा, ‘काका, हे तुम्हाला कधीपासून वाटायला लागलं?’ बहुतेक वेळा एखादी खरी घटना निघते. कुणी दगावलेलं असतं, इस्पितळात कुणी अपमान केलेला असतो. ती ऐकून घ्या. त्या दिवशी काका बदलणार नाहीत. पण नातवाच्या लसीचा दिवस येईल तेव्हा ते फोन तुम्हालाच करतील.

त्या पाड्यावरच्या आईनंही आठ महिन्यांनी नर्सबाईंना निरोप पाठवला होता. धाकटीच्या लसीसाठी. निरोपात एवढंच होतं, ‘बाई, दुसऱ्या दिशी याल ना?’